कॅनडात परवाना नसताना डॉक्टरने कोणतं काम धरावं?

मार्गस्थ:
एमबीबीएस आणि नंतर चार वर्षं जनरल प्रॅक्टिस. ऑन्टारिओला कायमचं जायचं ठरलं आहे. एमसीसीक्यूई भाग १ (डॉक्टरांची कॅनडातली पात्रता परीक्षा) देणारच, पण रेसिडेन्सीची (परवान्याआधीच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची) जागा मिळेलच असं नाही. सोनोग्राफी, मेडिकल कोडिंग (आजार-उपचारांच्या नोंदींना ठरलेले संकेतांक देणं), क्लिनिकल रिसर्च (रुग्णांवरच्या औषधचाचण्यांचं काम) आणि फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणारा) अशी चार नावं सारखी कानावर येतात. यातल्या कशात पैसे घालावेत? एमबीबीएसचा उपयोग कुठे होतो आणि कुठे पहिल्यापासून सुरुवात करावी लागते?

रानवारा:
आधी एकच गोष्ट बघा: त्या कामाला नोंदणी लागते की नाही.

ऑन्टारिओत सोनोग्राफर १ जानेवारी २०१९ पासून सीएमआरआयटीओ या नियामक संस्थेच्या अखत्यारीत आहेत. आधी कितीही स्कॅन केलेले असले तरी नोंदणीशिवाय ती नोकरी नाही. फी भरण्याआधी कॉलेजला लेखी विचारा, ‘कोर्सला मान्यता आहे का? तो केल्यावर ‘सोनोग्राफी कॅनडा’ या संस्थेच्या परीक्षेला थेट बसता येतं का?’ उत्तर गोलमोल आलं तर तिथे पैसे भरू नका.

फिजिशियन असिस्टंटची नोंदणी १ एप्रिल २०२५ पासून सीपीएसओ (ऑन्टारिओत डॉक्टरांना परवाना देणारी संस्था) करते. त्यासाठी त्या विषयाचं स्वतंत्र शिक्षण लागतं, एमबीबीएस त्याच्या जागी चालत नाही. हा कोर्स मॅकमास्टर, टोरांटो, मॅनिटोबा अशा मोजक्याच विद्यापीठांत आहे आणि प्रवेशाची चुरस मोठी असते. परवान्याआधीची पायरी म्हणून याकडे बघू नका.

कोडिंगमध्ये सर्वात जास्त फसवणूक होते. ऑनलाइन क्लासवाले सीपीसी या प्रमाणपत्राचे कोर्स विकतात, पण ती अमेरिकेची परीक्षा आहे, आयसीडी-१०-सीएम आणि सीपीटी या तिथल्या संकेतांक-याद्यांवर बेतलेली. कॅनडातली रुग्णालयं आयसीडी-१०-सीए आणि सीसीआय या वेगळ्या याद्या वापरतात. तिथल्या नोकरीसाठी चिमा (आरोग्य-नोंदी सांभाळणाऱ्यांची कॅनडातली संघटना) हिचं प्रमाणपत्र मागतात आणि त्या परीक्षेला बसायला मान्यताप्राप्त कोर्स करावा लागतो.

काजवा:
चारांतलं क्लिनिकल रिसर्च निवडा, असं माझं स्पष्ट मत आहे. नोंदणी लागत नाही आणि प्रोटोकॉल (चाचणीचा ठरलेला आराखडा) वाचताना, रुग्ण निकषांत बसतो का हे ठरवताना, लॅब रिपोर्ट तपासताना डॉक्टरकी रोज कामी येते.

सुरुवात टीसीपीएस २ (माणसांवरच्या संशोधनाची कॅनडाची नीतिनियमावली) च्या ‘कोर’ या ऑनलाइन कोर्सने करा, तो मोफत आहे. मग आयसीएच-जीसीपीचं (औषधचाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं) प्रशिक्षण, त्यानंतर कॅनडाच्या फूड अँड ड्रग रेग्युलेशन्समधला औषधचाचण्यांवरचा भाग सी, डिव्हिजन ५ वाचा. एवढ्यावर रुग्णालयांच्या संशोधन विभागांत रिसर्च असिस्टंटसाठी अर्ज करता येतो. थेट कोऑर्डिनेटरच्या (चाचणीचं रोजचं काम सांभाळणाऱ्याच्या) जागेचा हट्ट धरू नका. एसीआरपीसारख्या संशोधन-संघटनांच्या प्रमाणपत्रांसाठी आधी प्रत्यक्ष कामाचे तास भरावे लागतात, ते नंतर बघा.

डॉक्टर अडकतात ते सवयीमुळे. रुग्णाच्या सोयीसाठी तपासणीची तारीख चार दिवस पुढे ढकलली किंवा डोस स्वतःच्या अंदाजाने बदलला, तर ते प्रोटोकॉल डेव्हिएशन, म्हणजे आराखड्याचा भंग, ठरतं. मूळ कागदावरची चूक एका आडव्या रेघेनेच खोडायची, शेजारी सही आणि तारीख. खाली काय लिहिलं होतं ते वाचता आलंच पाहिजे, व्हाइटनर चालत नाही.

याच्याच शेजारचं क्षेत्र म्हणजे फार्माकोव्हिजिलन्स, औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचं काम. रुग्ण, माहिती देणारा, संशयित औषध आणि दुष्परिणाम या चार गोष्टी हाती आल्या की केस वैध धरतात. चाचणीतली अनपेक्षित प्रतिक्रिया जीवघेणी असेल तर स्पॉन्सरने (चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीने किंवा संस्थेने) ७ दिवसांत सरकारी औषध नियामकाला कळवायचं, गंभीर असली तरी जीवघेणी नसेल तर १५ दिवसांत. औषधाचा त्या घटनेशी संबंध आहे का हे ठरवणं आणि केसचं कथन लिहिणं, ही दोन कामं डॉक्टरला चांगली जमतात.

मार्गस्थ:
खूप आभार, दोघांचेही. रिसर्चमध्ये असताना रुग्णांचं रक्त वगैरे काढता येतं का? आणि हा अनुभव पुढे परवान्यासाठी धरतात का?

चांदणवेल:
रक्त काढणं हे ऑन्टारिओच्या १९९१ च्या आरएचपीए या आरोग्य-व्यवसायांच्या कायद्यात ‘कंट्रोल्ड अ‍ॅक्ट’मध्ये, म्हणजे फक्त अधिकार असलेल्यांनी करायच्या कामांत, मोडतं. अधिकार असलेल्या व्यक्तीने रीतसर सोपवलं तरच करा, आणि त्याची लेखी नोंद ठेवा. रुग्णाला निदान सांगणंही त्याच यादीत आहे, आणि सवयीने तोंडातून निघून जातं, म्हणून जास्त जपा. नोंदणी नसताना रुग्णसेवा देताना ‘डॉक्टर’ ही उपाधी लावणंही बंद आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच आहे. प्रॅक्टिस रेडी असेसमेंटसारख्या (अनुभवी परदेशी डॉक्टरांचं काम तपासून परवाना देणाऱ्या) मार्गांना अलीकडची स्वतंत्र प्रॅक्टिस लागते, आणि संशोधनातला काळ त्यात सहसा धरत नाहीत. म्हणून परीक्षा आधी उरका. एमसीसीक्यूई भाग १ आणि जमली तर एनएसी ही परदेशी डॉक्टरांची प्रात्यक्षिक परीक्षासुद्धा नोकरीच्या पहिल्या वर्षातच द्या. लांबवलं की वाचनही सुटतं आणि प्रॅक्टिसमधला खंडही वाढतो.

एक्स्प्रेस एंट्रीत (कायमच्या वास्तव्यासाठीच्या अर्जपद्धतीत) मुख्य व्यवसाय म्हणून डॉक्टर लिहिणार असाल, म्हणजे जनरल प्रॅक्टिससाठी एनओसी हा व्यवसाय-क्रमांक ३११०२, तर ईसीए (परदेशी पदवीचं मूल्यांकन) मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडाकडूनच घ्यावं लागतं, तिथे डब्ल्यूईएस या इतर पदव्या तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल चालत नाही. पासपोर्ट, पदवी आणि इंटर्नशिपचा दाखला या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे निघण्याआधी तपासा. फरक असेल तर दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र मायदेशी असतानाच करून घ्या, तिकडे गेल्यावर त्याला महिनोन्महिने लागतात.