पावसात गळ टाकून बसायला रेनकोट कसला घ्यावा?

तंगूसवाला:

नमस्कार. राहायला कोल्हापुरात, गाव हळदीच्या पुढं. सुट्टी मिळाली की वडिलांबरोबर भोगावतीवर गळ टाकून बसायचं, हे मी तिसरीत असल्यापासनं चालू आहे. वडील आता ६४ वर्षांचे आहेत. पाणी गढूळ झालं की वांब आणि शिंगटा लागतो, त्यामुळं पाऊस आहे म्हणून घरात बसणं त्यांना पटत नाही, आणि मलाही नाही.

गेल्या रविवारी गगनबावड्याच्या बाजूनं अंधारून आलं आणि साडेतीन तास पाऊस हलला नाही. माझ्या अंगात मोटरसायकलवर वापरतो तो ९०० रुपयांचा रेनकोट. खांदे शेवटपर्यंत कोरडे राहिले, पण दगडावर बसल्या बसल्या अर्ध्या तासात बूड भिजलं. काठी वर धरली की मनगटातनं पाणी शिरायचं ते थेट काखेपर्यंत. वडील घोंगड्याची खोळ करून बसले होते. घोंगडं भिजून इतकं जड झालं की उठताना त्यांना हात द्यावा लागला. घरी आलो तर त्यांची बोटं मिटेनात, चहाचा कप धरता येईना. आईनं कप धरून त्यांना चहा पाजला. ते बघितल्यापासनं माझ्या डोक्यातनं हा विषय जात नाही.

दोघांचं मिळून साडेतीन हजारात बसवायचं आहे. जाड पीव्हीसीचा घ्यावा, की आत हवा खेळती राहते म्हणतात तो? लेबलवर ५,०००, १०,००० असे आकडे असतात, ते कशाचे? आणि पायात काय घालावं?

सुईदोरा, राजारामपुरी:

दादा, मी बॅगा आणि रेनकोट दुरुस्त करतो, म्हणून सांगतो. कापड गळणारा रेनकोट माझ्याकडं क्वचित येतो. गळते ती शिवण. सुईनं पाडलेलं प्रत्येक भोक ही पाण्याला वाटच असते, म्हणून आतनं शिवणीवर एक पट्टी गरम करून चिकटवलेली असते. दुकानात रेनकोट उलटा करा आणि त्या पट्टीवरनं बोट फिरवत जा. खांदा, काख, टोपीचा जोड बघाच, पण पँटचे दोन्ही पाय आणि पुढची-मागची शिवण जिथं एकत्र मिळते ती जागा सगळ्यात नीट बघा. चार शिवणी एका ठिकाणी आल्या की कापड जाड होतं, पट्टी तिथं नीट बसत नाही आणि नखानं उचलली तर निघते. तुम्ही भिजलात ते बहुतेक तिथनंच. मोटरसायकलच्या सीटवर रोज घासून ती जागा आधीच कमजोर झालेली असते. पीव्हीसीच्या चांगल्या सूटला शिवण नसते, कडा उष्णतेनं एकमेकींत वितळवून जोडलेल्या असतात. असा जोड मिळाला तर डोळे झाकून घ्या.

आता आकडा. तो मिलिमीटरमध्ये असतो. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर किती उंचीपर्यंत ते पाणी थोपवतं, ती उंची. १०,००० म्हणजे १० मीटर. नुसत्या पावसाच्या थेंबात तेवढा जोर नसतो. पण ओल्या दगडावर बसलं की अंगाचा सगळा भार त्या ओल्या कापडावर येतो, गुडघा टेकला तर आणखी. म्हणजे जास्त आकडा पँटला पाहिजे. गिऱ्हाईक मात्र जाकिटावर पैसे घालतं आणि पँट मिळेल ती घेतं.

घरी आणल्यावर लेबल काढायच्या आधी एकदा तपासा. आत कपड्यांवर वर्तमानपत्राचा कागद ठेवा, बूड, काख, मनगट, छातीची चेन, सगळीकडं. रेनकोट घालून ओल्या पोत्यावर बसा आणि वरनं पाणी ओतायला लावा. पाणी कुठनं शिरलं ते कागदावर लगेच दिसतं. पावती जपून ठेवा.

जुना गळकरी, राधानगरी रोड:

पोरा, तुझ्या वडिलांच्याच वयाचा आहे मी. चाळीस पावसाळे नदीकाठी काढले. पीव्हीसी घे.

हवा खेळती ठेवणारं कापड वाईट नाही, डोंगर चढणाऱ्याला ते चांगलंच. पण आतली वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. आपल्या जुलैत हवाच पाण्यानं गच्च असते, वाफ जाणार कुठं? वर पाणी झटकणारा एक थर असतो, तो चिखलानं, घासून किंवा साबणाच्या पावडरीत धुऊन गेला की वरचं कापड पाणी पितं आणि अंगाला गारढोण लागतं. नदीपर्यंत जायची वाट उसाच्या फडातनं आणि बाभळीखालनं. भारी पातळ कापडाला एक काटा पुरतो. आपण एका जागी बसून असतो, घाम थोडाच येतो. चालताना पुढची चेन उघडी ठेवायची, बसल्यावर लावायची, एवढं पाळलं की पीव्हीसीत काही बिघडत नाही.

पँट कमरेची घेऊ नको, छातीपर्यंत येणारी आणि खांद्यावर पट्टे असलेली डांगरी घे. मासा काढायला वाकलं की जाकीट वर सरकतं आणि कमरेत पाण्याची धार लागते, ते डांगरीत होत नाही. उद्यमनगरात कारखान्यांना सेफ्टीचं सामान देणाऱ्या दुकानांत विचार, शोभेच्या दुकानापेक्षा तिथं माल दणकट असतो.

मनगटाचं सांगतो. काठी वर धरायची म्हणजे बाही पन्हाळीसारखी होणारच. आत दुसरं इलॅस्टिक असलेली बाही मिळाली तर उत्तम. नाही तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन बोटं रुंद दोन तुकडे काप, बांगडीसारखे, आणि बाहीवरनं मनगटात घाल. करंगळी आत जाईल इतके सैल ठेव, रक्त अडता कामा नये. मी १५-२० वर्षं हेच वापरतो.

आतनं सुती बनियन नको. ते एकदा घामानं ओलं झालं की वाळत नाही आणि अंग गार पडतं. पोरं खेळायला घालतात तो पातळ टीशर्ट, त्यावर लोकरीचा स्वेटर. वडिलांचं घोंगडं सुटणार नाही, मला माहीत आहे. तर ते कोरडंच पाठीवर घ्यायला लाव आणि वरनं मोठ्या मापाचं पीव्हीसी जाकीट घाल. लोकर ओली झाली तरी ऊब देते, पण भिजलेलं घोंगडं अंगावर घेऊन पाय घसरला तर माणसाला वर येता येत नाही. आमची आई भात लावताना इरलं घ्यायची, बांबूच्या कामट्या आणि पानांचं, पाठीवर कासवासारखं. वाकून काम करणाऱ्याला ते बेस्ट, बसणाऱ्याला काही उपयोग नाही.

दगडावर बसणं आजपासनं बंद. रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा पालथा घाल, वर फोमचा तुकडा. पायात गमबूट, आणि पँटचा पाय बुटाच्या बाहेरनं, आत खोचायचा नाही, नाही तर सगळं पाणी बुटात उतरतं. गमबूट काठासाठी आहेत. ते घालून पाण्यात उतरायचं नाही, भरले की पाय उचलत नाही.

कसबा बावडेकर ताई:

काकांनी शेवटी लिहिलं त्यावर मला जास्त लिहायचं आहे. अंग कोरडं असलं की माणूस एक तास जास्त बसतो आणि नदी त्याच तासात चढते. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणी काठावर येऊन सांगेपर्यंत थांबत नाहीत. एका दरवाजातनं १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. तुम्ही बसता ती जागा थेट त्याच्या खाली आहे. सकाळी निघताना धरणाची बातमी आणि कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आम्हा बावडेकरांना पाठ आहे, पण तुमच्या काठावर पाणी त्याच्या कितीतरी आधी पायाशी येतं. काठावर एक काडी रोवा आणि दर पंधरा मिनिटांनी बघा. काडी बुडली की गळ गुंडाळा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या ओळखीच्या घरातली माणसं नावेतनं काढली, तेव्हा एकानं लाइफ जॅकेट आत घालून वर रेनकोट चढवला होता. ते बाहेरनंच घालायचं असतं. वडिलांसाठी एक घ्या, रेनकोटमधले दोनशे कमी करून घ्या पण घ्या.

आणि काठी कार्बनची असेल तर वीज कडाडायला लागल्यावर ती खाली ठेवून लांब व्हा. कार्बनमधनं वीज जाते.

तंगूसवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल उद्यमनगरात जाऊन वितळवून जोडलेल्या कडांचे दोन पीव्हीसी सूट आणले, डांगरीवाले, दोन्ही मिळून २,६०० रुपये. उरलेल्यात वडिलांचं लाइफ जॅकेट. गमबूट घरात होते.

रात्री न्हाणीत ओलं पोतं चौघडी करून त्यावर २० मिनिटं बसलो, बायकोनं तांब्यानं वरनं पाणी ओतलं. बुडाखालचा कागद कडकडीत कोरडा, अक्षरं जशीच्या तशी. छातीचाही कोरडा. डाव्या मनगटाचा मात्र दोन बोटं भिजला होता. ट्यूबचे तुकडे कापून घातले, परत पाणी ओतलं, मग तोही कोरडा राहिला. सूट आता सावलीत उलटा टांगला आहे.

वडिलांनी जाकीट अंगात घातलं, आत घोंगडं घेऊन. दोन-तीनदा हात वर करून बघितला आणि म्हणाले, “काठी बसती बघ हातात.” काडी कुठं रोवायची ते त्यांनीच ठरवलं आहे, वरच्या पायरीच्या एक वीत खाली.