मदत हवी आहे: पद्मिनीच्या दाराला पॅच मारल्यापासून पत्रा टकटक करतोय

मंडळी, डेंटिंगमधल्या जाणकारांचा सल्ला हवाय.

बाबांची १९८१ची प्रीमियर पद्मिनी आहे. बरीच वर्षं रत्नागिरीला पडवीत उभी होती, खाऱ्या हवेने दारांच्या बुडाची चाळण झाली. मागच्या डाव्या दाराचा खालचा कुजका पट्टा मी स्वतःच कापला आणि ०.९ मिमी सीआरसीए (थंड लाटलेल्या मऊ स्टीलच्या) पत्र्याचा ५५ सेंमी लांब पॅच मिगने (तारेच्या इलेक्ट्रिक वेल्डिंगने) बसवला. पत्रा पत्र्यावर चढवला नाही, कडेला कड लावून टाके मारले. आधी लांब लांब टाके, मग मधल्या जागा भरल्या. शेवटी मात्र घाई झाली. पाऊस यायच्या आत संपवायचं म्हणून दोन-तीन ठिकाणी सलग इंचभर वेल्ड ओढला.

आता सांध्याच्या रेघेवर दार आत बसलंय. पट्टी उभी धरली की मधोमध ३ मिमी फट दिसते. सांध्याच्या वर तळहाताएवढा भाग फुगलाय. अंगठ्याने दाबला की बिस्किटाच्या डब्याच्या झाकणासारखा 'टक' करून आत जातो, सोडला की 'टक' करून बाहेर.

आमच्या गल्लीतले डेंटर म्हणाले, "लांबी (खड्डा बुजवायची पुटी) भरा, कोण बघतंय?" पण दार दिवसातून दहा वेळा आपटणार, चार मिमी लांबी त्यावर किती दिवस टिकणार? एका व्हिडिओत पाहून फुगवट्यावर रुपयाएवढा ठिपका गॅसने लाल करून ओल्या फडक्याने थंड केला. पत्रा आणखी ढिला झाला. तेव्हापासून हात लावलेला नाही.

फुगवटा आखडवत राहू की सगळा पॅच कापून पुन्हा करू? टॅक्सी भंगारात जात होत्या तेव्हा एखादं चांगलं दार घेऊन ठेवायला हवं होतं, पण तेव्हा अक्कल नव्हती.

प्रतिसाद – ऐरणवाला

कापू नका, आणि तो गॅस आधी बाजूला ठेवा. फुगवटा दिसतोय तिथे रोग नाहीच. तिथला पत्रा जेवढा होता तेवढाच आहे, वेल्डची रेघ आखडलीय.

हिशेब करून बघा. स्टील दर मीटरला दर अंशाला साधारण ०.०१२ मिमी वाढतं. वेल्डजवळचा ५० मिमीचा तुकडा ६०० अंशांनी तापला तर ०.३६ मिमी वाढायला बघतो. बाजूचा थंड पत्रा त्याला लांबीत वाढू देत नाही, म्हणून तो जाडीत दाबला जातो. थंड होताना मात्र मोकळेपणी आखडतो. सांधा आखूड झाला, वरचा पत्रा तसाच राहिला, त्याला जागा पुरेना. तुम्ही वर ठिपका देऊन आणखी एक जागा आखडवलीत.

म्हणजे वेल्ड ताणायचा. ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी उतरवा, अगदी सपाट नको, नखाला लागेल एवढा ठेवा. थांबत थांबत घासा, नाहीतर ग्राइंडरच पुन्हा तापवेल. मग डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) बरोबर रेघेच्या मागे दाबून धरा आणि वरून सपाट हातोडीचे हलके ठोके. डॉलीवर पडला की 'टण्ण', चुकला की 'भद्द'. टण्णच हवा. दहा-बारा ठोके मारा, पट्टी लावून बघा, मग पुढे सरका. मिगचा वेल्ड कडक असतो, जोर केलात तर तडकेल.

प्रतिसाद – लांबीविरोधक

दादा बरोबर सांगतायत. तो ठिपकासुद्धा डॉलीवर तसाच हलका ठोकून सैल करा. बाकीची दारं करताना सलग इंचभर ओढू नका. एक टाका मारा, हात लावून बघा, चटका बसत नसेल तरच शेजारी दुसरा.

धागाकर्ता

रविवारी बसलो. मधल्या २० सेंमीवर तासभर ठोकलं, ३ची फट १ मिमीच्या आत आली. गंमत म्हणजे फुगवट्याला हात न लावताच तो बसला, फक्त कुलपाच्या बाजूला एक 'टक' उरलाय. पण तिथे आतल्या फ्रेममुळे डॉली जात नाही, बोटं जेमतेम जातात. तिथे काय करू?

प्रतिसाद – ऐरणवाला

भंगारवाल्याकडून जीपच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) फूटभर तुकडा आणा. एक टोक थोडं वाकवून कडा गोल घासा, पॉलिश करा. तो फटीतून आत सारा, टोक वेल्डच्या मागे दाबून धरा. डॉलीएवढं वजन नाही मिळणार, ठोके दुप्पट लागतील. बोटं जपा.