बेसबॉल रेडिओवर ऐकलंय का कुणी? विन स्कलींच्या आठवणी लिहा

बेसबॉल कॉमेंटेटर विन स्कली २ ऑगस्ट २०२२ ला गेले, पण लॉस एंजेलिसमधल्या जुन्या लोकांपुढे तिथल्या बेसबॉल टीमचा, डॉजर्सचा, विषय काढला की अजूनही आधी त्यांचंच नाव निघतं. १९५० मध्ये ब्रुकलिनला सुरुवात केली, १९५८ ला टीम एलएला आली तसे हेही आले, आणि थेट २०१६ ला रिटायर. एकाच टीमसाठी ६७ सीझन! ज्यांनी ऐकलंय त्यांनी प्लीज लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील.

*

आम्ही एलएजवळ टॉरन्सला होतो तेव्हा शेजारचे आजोबा संध्याकाळी गराज उघडं टाकून रेडिओ लावून बसायचे. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, सगळं त्यांनीच शिकवलं. ते सांगायचे की डॉजर्स आधी एलएच्या कोलिसियम स्टेडियममध्ये खेळायचे, ते एवढं अवाढव्य की मागच्यांना मॅच धड दिसायचीच नाही, मग लोक ट्रान्झिस्टर घेऊन जायचे आणि समोर चाललेली मॅच स्कलींच्या तोंडून ऐकायचे. १९६० मध्ये एकदा स्कली म्हणाले की आज अंपायर फ्रँक सेकरींचा वाढदिवस आहे, मी तीन म्हटलं की सगळ्यांनी विश करा, आणि खरंच अख्खं स्टेडियम एकदम ओरडलं! हे सांगताना आजोबा दर वेळी हाताने एक-दोन-तीन करून दाखवायचे.

*

मी पुण्याचा, आकाशवाणीवर बाळ पंडितांची मराठी क्रिकेट कॉमेंट्री ऐकत मोठा झालोय, त्यामुळे रेडिओवर मॅच डोळ्यासमोर उभी राहणं म्हणजे काय ते माहितीये. स्कलींची मी रेकॉर्डिंगच ऐकलीत. ८ एप्रिल १९७४, अटलांटा, हँक ॲरनचा ७१५ वा होमरन (बेसबॉलमधला सिक्सर म्हणा), जुन्या दिग्गज बेब रूथचा रेकॉर्ड मोडला, आणि हा माणूस चक्क गप्प बसला, नुसता प्रेक्षकांचा आवाज येतोय, येतोच आहे. मग बोलले ते नुसतं रेकॉर्डबद्दल नाही, तर अमेरिकेच्या दक्षिणेत एका कृष्णवर्णीय माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत त्याबद्दल. ॲरनला त्या काळात जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती हे लक्षात घेऊन ऐका. आणि होमरन खाल्लेला पिचर (म्हणजे बॉलर) डॉजर्सचा होता, म्हणजे स्वतःच्याच टीमविरुद्धचा क्षण. हल्लीच्या कॉमेंटेटर्सना दोन सेकंद शांतता सहन होत नाही हो.

*

आमच्याकडे २०१४ पासून केबल कंपन्यांच्या भांडणात डॉजर्सच्या मॅचेस टीव्हीवर दिसेनात. स्कली टीव्हीवर बोलायचे, पण पहिल्या तीन इनिंगचं तेच बोलणं रेडिओवरही जायचं. मी ऑफिसातून निघताना गाडीत एएम ५७० हे रेडिओ स्टेशन लावायचे आणि तिसरी इनिंग संपेपर्यंत पार्किंगमध्येच बसून राहायचे. बॉल आणि बॉलच्या मध्ये स्कली बॅट्समनच्या गावाच्या नाहीतर घरच्यांच्या गोष्टी सांगायचे, आणि गोष्ट अर्धी असताना हिट लागला तरी परत बरोबर तिथूनच सुरू.

*

इथे हाइमे हारिन यांचंही नाव यायलाच हवं. एक्वाडोरहून आलेले, १९५९ पासून २०२२ पर्यंत डॉजर्सची स्पॅनिश कॉमेंट्री. माझ्या मेक्सिकन कलीगच्या घरी स्कली नव्हे, हारिनच लागायचे. १९८१ मध्ये डॉजर्सचा मेक्सिकन पिचर फर्नांडो वालेन्सुएला गाजला, त्याला इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा पत्रकारांसमोर त्याचं बोलणं हारिनच इंग्रजीत सांगायचे. कलीगची आई अजून त्यांना घरातल्यासारखं डॉन हाइमे म्हणते (स्पॅनिशमध्ये डॉन म्हणजे आदराने हाक).

*

डॉजर्सचा पिचर सँडी कोफॅक्सची ९ सप्टेंबर १९६५ ची परफेक्ट गेम (म्हणजे समोरचा एकही बॅट्समन बेसवर पोचला नाही), तिची शेवटची इनिंग ऐका. स्कली मध्येमध्ये घड्याळातली वेळ सांगतात आणि आपल्या पोटात गोळा येतो. मॅच संपली तेव्हा रात्रीचे ९.४६.