उन्हाळ्यात कोलंबियाहून एक मुलगा घरी राहायला येतोय, अनुभवींचा सल्ला हवाय

नगरची_लेक

जय ख्रिस्त आणि नमस्कार. आम्ही मूळचे नगरचे, गेली १७ वर्षं अमेरिकेत. घरात आम्ही दोघं, १३ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा. आमच्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) एका कुटुंबाने परदेशातल्या बालगृहातलं मूल उन्हाळ्यात घरी ठेवून घेतलं होतं. ते पाहून अशी मुलं आणणाऱ्या संस्थेकडे आम्हीही नाव दिलं. पोलीस तपासणी, बोटांचे ठसे, समाजसेविकेची घरभेट सगळं पार पडलं. जूनच्या अखेरीला कोलंबियाहून १२ वर्षांचा एक मुलगा साधारण तीन आठवड्यांसाठी येतोय.

नाव देताना उत्साह होता. आता तारीख जवळ आलीय तशी रात्री झोप लागत नाही.

माझी पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या, त्यातली ती एक. आईवडिलांची नावंसुद्धा तिला धड आठवत नसत. आम्ही सगळे त्या एका बैलगाडीमुळे आहोत, असं आजी म्हणायची. त्यामुळे अनाथांचा समाचार घ्या हे याकोबाच्या पत्रातलं वचन आमच्या घरात फक्त रविवारपुरतं नाही. पण पणजी केडगावला राहिली. हा मुलगा तीन आठवड्यांनी परत जाणार. मला नेमकं तिथेच अडखळायला होतंय.

स्पॅनिश आम्हाला येत नाही. तो कॅथलिक असणार, आम्ही प्रोटेस्टंट. त्याला उपासनेला न्यायचं का? दत्तकाबद्दल विचारलं तर काय सांगायचं? आमचा तसा विचार अजून झालेला नाही, पण 'नाही'ही म्हटलेलं नाही. ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा. गोड गोड नको.

---

दोन_घरटी

ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी कोलंबियाचीच बहीणभाऊ जोडी ठेवून घेतली होती, ११ आणि १४. दत्तकाच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण बाकीचं सगळं निभावतं.

कोलंबियात या मुलांची जबाबदारी आयसीबीएफ या सरकारी बालकल्याण संस्थेकडे असते. अशा सहलींना येणारी मुलं बहुधा कायद्याने दत्तकयोग्य ठरलेली असतात आणि वयाने मोठी असल्यामुळे मागे राहिलेली असतात. त्यांना सांगतात, तुम्ही सुट्टीला चाललाय. पण १२ वर्षांचं पोर काय दूधखुळं असतं? आमच्याकडच्या धाकट्याने पाचव्या दिवशी जेवणाच्या टेबलावर घरातल्या खुर्च्या मोजल्या. एक जास्तीची होती. मग माझ्याकडे बघितलं. बोलला काहीच नाही.

तेव्हा 'बघू', 'देवाची इच्छा असेल तर', 'पुढच्या वर्षी' यातलं एकही वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. मोठ्या माणसाला ती सावध वाक्यं वाटतात, मूल त्यांचा अर्थ 'हो' असाच घेतं. आम्ही संस्थेच्या समन्वयिकेकडून दोन ओळी स्पॅनिशमध्ये लिहून घेतल्या होत्या आणि अक्षरशः पाठ केल्या होत्या: तू आमचा पाहुणा आहेस, तू आल्याने आम्हाला आनंद झालाय, पुढचं ठरवणं आमच्या हातात नाही. रडत का होईना, तेवढंच म्हणायचं.

आणि तुमच्या मनात खरंच असेल, तर तो परत गेल्यावर रीतसर अर्ज करा. नवराबायकोपैकी एकजण तरी अमेरिकन नागरिक लागतो. कोलंबिया आणि अमेरिका दोन्ही देशोदेशींच्या दत्तकाबद्दलच्या १९९३ च्या हेग करारात आहेत, त्यामुळे सगळं त्या चौकटीतूनच जातं. मूल १६ वर्षांचं व्हायच्या आत अमेरिकेकडे अर्ज दाखल व्हावा लागतो. तुमच्याकडे वेळ आहे. आमच्या थोरलीच्या बाबतीत आम्ही धावपळ केली. (हो, दोघं आता इथेच आहेत. पण हे वाचून हुरळून जाऊ नका. त्या गटातली बरीच मुलं परत गेली आणि तिकडेच राहिली.)

---

माळवाला_वसईकर

उपासनेबद्दल मी बोलतो, मी वसईचा कॅथलिक आहे.

पोरगा झोपण्याआधी गळ्यातलं पदक चुंबेल, क्रुसाची खूण करेल, मारियेला हाक मारेल. कोलंबियात चिकिंकिराची माता म्हणजे देशाची पालनकर्ती, आपल्याकडे वांद्र्याच्या मोत माउलीला जसं मानतात तसं. त्याच्याजवळ बालगृहातून आलेली स्वतःची अशी तेवढीच एक गोष्ट असेल. तुमच्या मंडळीतलं कोणीतरी हसत हसत म्हणेल, 'अरे, आम्ही तसं करत नाही हं.' त्या माणसाला आधीच गाठून गप्प करा. रागावू नका, पण हे मी दोन्हीकडच्या सोयरिकी असलेल्या घरात वाढलोय म्हणून सांगतो. ते हसणं लहान मुलाला लागतं.

जेवणाआधीची प्रार्थना तुम्ही मराठीत करता तशीच करा. त्याला काही कळणार नाही, पण हात जोडलेले कळतील. रविवारी तुमच्याबरोबर आला तर येऊ दे. जवळच्या चर्चमध्ये स्पॅनिश मिस्सा (कॅथलिक उपासना) होत असेल तर एकदा तिकडेही न्या. तुमचा काही धर्म बुडत नाही.

---

बालमन

मुलांची मानसोपचारतज्ज्ञ आहे, बालगृहातल्या मुलांबरोबर काम केलंय.

वसईकर म्हणाले त्यात भर. चर्चमध्ये त्याला पुढे उभं करून ओळख करून देऊ नका, त्याच्याकडून साक्ष, म्हणजे सगळ्यांपुढे विश्वासाचा अनुभव सांगणं, तर मुळीच नको. बायका मायेने जवळ घेतील, ह्या हातातून त्या हातात. तोही जाईल, आणि सगळे म्हणतील किती लाघवी आहे. ते लाघव जपून घ्यायचं असतं. संस्थेत वाढलेली काही मुलं अनोळखी माणसाला पहिल्याच दिवशी मिठी मारतात, कारण काळजी घेणारी माणसं पाळीपाळीने बदलत गेलेली असतात आणि कुणाकडे जायचं, कुणाकडे नाही, ही निवड करायची सवयच लागलेली नसते. बुखारेस्टमध्ये २००० साली संस्थेतल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला, त्यातली निम्मी चिठ्ठ्या टाकल्यासारखी पालक कुटुंबांत पाठवली गेली. कुटुंबात गेलेली मुलं भाषेत, बुद्धीत, आपुलकीच्या नात्यात पुढे गेली, आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली ती जास्त. तुमचा पाहुणा १२ चा आहे. तीन आठवड्यांत तुम्ही त्याचं काही 'बरं' करणार नाही आहात. ते ओझं उतरवून ठेवा, म्हणजे तुम्हालाही मजा येईल.

मिठी, पापा, खाऊ, औषध हे तुम्ही दोघांनीच द्यायचं. बाकीच्यांनी हात हलवायचा.

तुमच्या स्वतःच्या मुलांबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत! मुलीला वेगळी खोली हवीच. खेळताना दारं उघडी. हा नियम तिघांनाही सारखा सांगायचा, त्याच्यावर बोट न ठेवता. नऊ वर्षांचा तुमचा लेक दहाव्या दिवसाच्या सुमारास बिथरेल. त्याला रोज अर्धा तास एकट्याला द्या.

---

शंकासुर

थोडा कडू बोलतो. ताईंनी गोड नको म्हटलंय.

बालगृहातल्या बऱ्याच मुलांचे आईबाप दोघंही मेलेले नसतात. गरिबी, दारू, तुरुंग, हिंसा यांमुळे ती तिथे पोचलेली असतात. 'अनाथ' म्हटलं की आपल्याला आपण तारणहार वाटतो. मग तीन आठवडे तलाव, आइस्क्रीम, स्वतःची खोली, आणि नंतर परत त्याच रांगेतल्या पलंगावर. विमानाचं भाडं, विमा, संस्थेचं शुल्क धरून काही हजार डॉलर होतात. तेच तिकडच्या एखाद्या मावशीला महिन्याकाठी मिळाले असते तर तिने कदाचित भाच्याला घरी नेलं असतं.

ताई, तुमच्या पणजीला रमाबाईंनी तीन आठवडे ठेवून परत पाठवलं नव्हतं, हे तुम्हीच लिहिलंय. तुम्हाला जे खुपतंय ते बरोबर खुपतंय.

---

कॉर्कची_नर्स

शंकासुर, तुमच्या बोलण्यात तथ्य आहे, पण सगळीकडे सारखं नसतं. मी आयर्लंडमध्ये आहे. इथे १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर बेलारूसची मुलं वर्षानुवर्षं उन्हाळ्यात आणि नाताळात घरोघर येत राहिली. विचार साधा होता. महिनाभर स्वच्छ अन्न आणि हवा मिळाली की शरीरातलं किरणोत्सर्गी सीझियम उतरतं. दत्तकाचा प्रश्नच नव्हता, म्हणून कुणी कुणाला खोटी आशा लावत नव्हतं. माझी शेजारीण एकाच मुलीला सलग आठ उन्हाळे बोलवत होती. ती मुलगी आता स्वतः आई आहे आणि फोन येतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. २००८ मध्ये अशीच सुट्टीला कॅलिफोर्नियात आलेली एक बेलारूसी मुलगी परत जायला तयार झाली नाही. परिणाम काय, तर बेलारूसने सगळ्याच मुलांचे परदेश प्रवास थांबवले, आणि मग देशादेशांना सरकारी करार करत बसावं लागलं. ज्या घराने तिला ठेवून घेतलं त्यांचं मन मी समजू शकते. पण त्या वर्षी बॅगा भरून बसलेली बाकीची पोरं?

---

मोजे_आणि_पाव

आमच्याकडे २०१८ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात युक्रेनचा एकच मुलगा आला होता. दहाचा, मग अकराचा. मी बापाच्या बाजूने लिहितो, म्हणजे किरकोळ गोष्टी.

चौथ्या दिवशी त्याच्या उशीखाली पावाचे तुकडे सापडले, मोज्यात गुंडाळलेले. बायको रडायला लागली. मी ओरडणार होतो, मुंग्या झाल्या होत्या. नशीब, ओरडलो नाही. समन्वयक म्हणाली, त्याच्या पलंगाशेजारी फळांची आणि बिस्किटांची टोपली ठेवा आणि ती कधी रिकामी होऊ देऊ नका. आठवड्याभरात लपवणं थांबलं. आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही.

पहिला आठवडा कुठे फिरवू नका. आम्ही दुसऱ्याच दिवशी मोठ्या जत्रेसारख्या ठिकाणी नेलं आणि तो पार्किंगमध्ये कानावर हात ठेवून खाली बसला. सायकल, पत्ते, नळीने अंगणात पाणी मारणं, भांडी घासणं. भांडी घासायला तो धावत यायचा.

दात आधी दाखवा. आमच्याकडच्याला तीन दाढा किडलेल्या होत्या आणि त्याने कधी तक्रार केली नव्हती. मंडळीत कोणी दंतवैद्य असेल तर आत्ताच बोलून ठेवा, कारण प्रवासाच्या विम्यात जुनं दुखणं बहुतेक धरत नाहीत. उपचाराच्या संमतीचा कागद गाडीतच ठेवा.

भाषेला फोनवरचा अनुवाद चालतो, पण 'पोट दुखतंय', 'शू', 'भीती वाटते', 'थांब', 'पुरे', 'झोप' हे शब्द तुम्हाला तोंडी यायला हवेत. रात्री दोन वाजता फोन शोधत बसता येत नाही. जेवणाची चिंता करू नका. तुमचा तर कोलंबियाचा आहे, भात आणि उसळीसारखा घेवडा त्यांचं रोजचं खाणं. तिखट तेवढं आवरा.

फोटो कुठेही टाकू नका. बहुतेक संस्था तसं लिहूनही घेतात.

परत जाताना महागडे बूट देऊ नका. तिथे ते त्याच्याकडे राहत नाहीत, आणि त्यावरून मार खायची वेळ येते. आम्ही फोटोंची छोटी वही दिली, प्रत्येक फोटोखाली त्याच्या भाषेत एक ओळ. आमच्याकडे दुसऱ्या उन्हाळ्यात आला तेव्हा ती वही घेऊन आला होता, कडा झिजलेल्या.

तिसऱ्या उन्हाळ्याला कोविड आला. आम्ही दत्तकाची कागदपत्रं जमवत होतो. मग फेब्रुवारी २०२२. युद्ध सुरू झालं आणि तिथलं परदेशी दत्तक थांबलं. तो दुसऱ्या देशात हलवला गेला, एवढं कळलं. आता १८ चा झाला असेल. शंकासुरांनी विचारलं तसं मीही स्वतःला विचारतो. माझ्याकडे उत्तर नाही. पण त्याला पोहायला येतं, आणि ते मी शिकवलंय.

---

नगरची_लेक

सगळं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

शंकासुर, तुमचं मनाला लागलं, आणि ते बरं झालं. आम्ही ठरवलंय की तो जाईपर्यंत दत्तकाचा विषय आमच्या दोघांतही काढायचा नाही. गेल्यावर महिनाभर थांबायचं, मग बसायचं. नाही ठरलं तरी त्याची माहिती इतर कुटुंबांपर्यंत पोचवायचं काम समन्वयिकेकडून मागून घेणार आहे. ती म्हणाली, ते यजमानांनीच करायचं असतं, कारण त्याला भात आवडतो की नाही हे फाइलमध्ये नसतं.

पाळकांशी बोलले. ओळख-बिळख काही नाही, मागच्या बाकावर बसणार. माझ्या सासूबाई म्हणाल्या, 'मला तरी मिठी मारू द्याल ना?' बालमन, आजीला सूट आहे का?

जास्तीची एक खुर्ची माळ्यावर होती ती खाली आणली होती. आता कळत नाही ठेवू की नको.

आणखी एकच. विमानतळावर घ्यायला किती जणांनी जायचं? मंडळीतले दहा-बाराजण यायचं म्हणतायत, फुगे आणि फलक घेऊन.

---

बालमन

आजीला सूट, पण चौथ्या दिवसापासून, आणि तो स्वतःहून गेला तर.

---

दोन_घरटी

खुर्ची ठेवा. पाहुण्याला बसायला लागतेच.

---

मोजे_आणि_पाव

विमानतळावर तुम्ही चौघंच. फुगे नकोत, फुटले तर दचकतो. एक केळं आणि पाण्याची बाटली न्या. आणि गाडीत मागे बसा, त्याच्या शेजारी.