मदत हवी आहे: परसातल्या कोंबड्या आणि उन्हाळी भाजीपाला एकत्र कसा सांभाळावा?

सर्वांना नमस्कार.

राजापूर तालुक्यातील आमच्या घरामागे साधारण पाच गुंठ्यांचे परस आहे. त्यात माडांच्या दोन ओळी, विहिरीलगत भाजीचे वाफे आणि जुन्या गोठ्याच्या पडवीत कोंबड्यांचे खुराडे अशी मांडणी आहे. आठ गावठी कोंबड्या, एक कोंबडा आणि नुकत्याच अंडी देऊ लागलेल्या गिरिराज जातीच्या चार तलंगा (तरुण कोंबड्या) एवढा आमचा संसार.

माघ सरत आला असल्यामुळे मुळा, लाल माठ आणि वाल यांचा हंगाम आटोपतो आहे आणि त्याच वाफ्यांत आता चवळी, भेंडी, काकडी व पडवळ लावायचे आहे. कोंबड्या सकाळी सोडल्या की ओलावा असेल तिथे, म्हणजे नेमक्या नुकत्याच शिंपलेल्या वाफ्यात शिरतात. पेरलेले बी उकरून खातात, माठाची कोवळी रोपे शेंड्याकडून तोडतात आणि दुपारी मिरचीच्या आळ्यातली माती उपसून तिच्यात अंग घुसळत बसतात, त्यामुळे रोपांची मुळे उघडी पडतात. मात्र त्यांना दिवसभर कोंडून ठेवणे आम्हाला पटत नाही, कारण परसातले किडे, वाळवी आणि हिरवा पाला यांवर त्यांचे निम्मे पोट भरते. सगळे खाद्य विकत आणायचे ठरवले तर घरच्या अंड्याचा हिशेब न मांडलेलाच बरा.

माझे प्रश्न असे आहेत. कुंपण कोंबड्यांच्या भोवती घालावे की भाजीच्या, आणि ते कशाचे असावे? खुराड्यात आम्ही भाताच्या तुसाची गादी घालतो. ती आता विष्ठेने भरली आहे आणि वाडीतील काही जण ती थेट आळ्यांत घालायला सांगतात, तर काही जण त्याने रोपे जळतील असे बजावतात. यांपैकी खरे काय? तिसरी गोष्ट म्हणजे होळीच्या सुमारास आणखी दहा पिल्ले आणण्याचा विचार आहे. पुढे उन्हाळा असताना हे योग्य ठरेल का, की पावसाळा संपेपर्यंत थांबावे? आणि शेवटचे, ऊन वाढू लागल्यापासून गिरिराज कोंबड्यांच्या अंड्यांचे कवच इतके पातळ झाले आहे की अंडे उचलताना बोट आत जाते. हा रोग आहे की खाद्यातली उणीव, हे जाणकारांनी सांगावे.

माडाखाली यांचा प्रतिसाद

कुंपण भाजीलाच घाला. पाच गुंठ्यांपैकी वाफ्यांची जागा फार तर एक-दीड गुंठा असेल. तेवढ्याला जाळी पुरवणे स्वस्त पडते आणि कोंबड्यांना बाकीचे परस मोकळे राहते.

आपल्याकडे मासेमारीची जुनी जाळी सहज मिळतात आणि बहुतेक जण तीच वापरतात, पण ती लावण्याची पद्धत महत्त्वाची आहे. खुंटांवर वरच्या बाजूला आडवी काठी बांधू नका. कोंबडी कुंपणावरून थेट झेप घेऊन क्वचितच जाते. ती आधी वरच्या काठीवर बसते आणि मग पलीकडे उतरते. जाळ्याची वरची कड सैल आणि लोंबती राहिली की तिला बसायला आधार मिळत नाही. गिरिराज अंगाने जड असल्याने तिला चार फूट पुष्कळ झाले, गावठीसाठी मात्र पाच फूट उंची ठेवा. दुसरी काळजी अशी की, जमिनीलगत नायलॉनचे जाळे ठेवले तर त्यात धामण अडकून मरते. धामण अंडी आणि पिल्ले खाते हे खरे असले तरी परसातील उंदीर आटोक्यात ठेवणारीही तीच आहे. म्हणून खालचा दीड फूट चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्यांचा कूड किंवा माडाच्या विणलेल्या झावळ्या लावा आणि जाळे त्याच्या वर सुरू करा.

बी पेरलेल्या वाफ्यावर, रोपे वीतभर होईपर्यंत, करवंदीच्या काटेरी फांद्या पसरून ठेवल्या तर जाळे चुकवून आत शिरलेल्या एखाद्या कोंबडीलाही पाय टाकता येत नाही. धुळीत लोळण्याची त्यांची गरज मात्र कुंपणाने जात नाही, कारण पिसांतील उवा-गोचिडी झाडण्याचा तो त्यांचा उपाय आहे. पडवीच्या वळचणीखाली, जिथे पाणी पोहोचत नाही अशा जागी, चुलीतली राख आणि बारीक माती मिसळून एक खळगा करून द्या. कोरडी भुसभुशीत माती सावलीत मिळाली की मिरचीच्या आळ्याकडे त्या फारशा फिरकत नाहीत.

आता थोडे कोंबड्यांच्या बाजूने. वाल उपटून झाला की त्या वाफ्याचे जाळे आठवडाभर उघडे ठेवा. पडलेले दाणे, तणांचे बी, मातीतल्या अळ्या आणि कोष त्या वेचून काढतात आणि वरची माती मोकळी करतात. त्यानंतर वाफा बंद करून चवळी पेरा. हंगामांच्या मधला हा आठवडा मला कुंपणाइतकाच मोलाचा वाटतो. माड असल्यामुळे आणखी एक लाभ तुमच्या पदरात पडेल. माडाचे कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा शेणखतात आणि कुजलेल्या पालापाचोळ्यात अंडी घालतो. खताची खाच (खड्डा) फावड्याने उलटताना कोंबड्या जवळ असल्या की त्या पांढऱ्या जाड अळ्या एकही उरत नाहीत.

लाल माती यांचा प्रतिसाद

खताविषयी दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धे-अर्धे बरोबर आहे. कोंबडीखतात साधारण ३ टक्के नत्र (नायट्रोजन) आणि अडीच टक्क्यांच्या आसपास स्फुरद (फॉस्फरस) असते, तर शेणखतात नत्र अर्धा टक्का असते. कोंबडी वेगळी लघवी करत नाही. तिच्या विष्ठेवरचा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल, आणि ओलावा मिळाल्यावर त्याचा भराभर अमोनिया होतो. खुराड्यात सकाळी डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. खुराड्यातले न कुजवलेले तूस आळ्यात घालून वर पाणी शिंपले की हीच क्रिया मुळांशेजारी होते आणि पानांच्या कडा करपतात. म्हणजे खत उत्तम आहे, पण या उन्हाळ्याच्या भाजीसाठी नाही.

आंबा-काजूचा पातेरा (वाळका पाला) या दिवसांत हवा तितका मिळतो. तीन घमेली पातेऱ्याला एक घमेले तूस या प्रमाणात थर द्या आणि प्रत्येक थरावर पाणी शिंपा. मूठभर मिश्रण दाबले असता हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. ढीग निदान तीन फूट उंच आणि तेवढाच रुंद असेल तरच आत पुरेशी उष्णता तयार होते, आणि ५५ अंश सेल्सियसच्या वर काही दिवस राहिलेल्या ढिगात रोगजंतू व तणांचे बी बहुतांशी मरते. आठ-दहा दिवसांनी कडेचा भाग आत येईल अशा तऱ्हेने ढीग पालटत राहा. आता सुरुवात केली तर मृगापर्यंत खत तयार होईल. पाऊस सुरू होण्यापूर्वी त्यावर झापांचे आच्छादन घाला, नाहीतर सगळे सत्त्व वाहून जाईल. वापरताना शेणखत जेवढे घालता त्याच्या चौथाईने पुरे.

न कुजलेले खत कधी घातलेच, तर अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांत जे अंतर दिले आहे ते पाळण्याजोगे आहे: खाण्याचा भाग मातीला लागतो अशा पिकात खत घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस आणि इतर पिकांत ९० दिवस. महिन्याभरात खुडायला येणारा माठ या हिशेबात कुठेच बसत नाही.

एका पशुवैद्यकाचा प्रतिसाद

आधी कवचाविषयी. तुम्ही वर्णन केले आहे त्यावरून हा बहुधा उन्हाचा परिणाम आहे. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे ती चोच उघडून धापा टाकते. धापेबरोबर शरीरातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर पडतो आणि कवच ज्या कॅल्शियम कार्बोनेटचे बनते, त्यासाठी लागणारा कार्बोनेटच रक्तात कमी पडू लागतो. त्यात उन्हामुळे ती खातेही कमी, म्हणजे कॅल्शियमही कमी मिळते. कोकणातील दमट हवेत धापेचा उपयोग आणखी कमी होतो. गिरिराज गावठीपेक्षा वजनदार आणि अंडीही जास्त देणारी असल्याने परिणाम तिच्यात आधी दिसतो.

यावर उपाय घरातच आहे. तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या शिंपल्या उकळून, उन्हात वाळवून, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जाड कुटा; पीठ करू नका. कवच तयार होण्यास सुमारे वीस तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री, कोंबडी काही खात नसताना जातो. जाड चुरा पोटात सावकाश विरघळतो आणि रात्रभर कॅल्शियम पुरवतो. हा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवा, म्हणजे ज्या कोंबडीला गरज आहे तीच तो खाईल. खाद्य उजाडताना आणि सूर्यास्ताच्या आधी द्या, भर दुपारी नको. पाणी पसरट मातीच्या भांड्यात, सावलीत, दिवसातून दोन-तीनदा बदललेले असावे. पंधरा दिवसांत फरक पडला नाही, किंवा अंडी वेडीवाकडी येऊन शिंका, घरघर अशी लक्षणे दिसू लागली, तर मात्र कोंबडी दवाखान्यात दाखवा.

पिल्ले होळीला आणण्यास माझी हरकत नाही. उलट पावसाळ्यात आणण्यापेक्षा ते बरे, कारण ओल्या तुसात रक्ती हगवण झपाट्याने पसरते आणि लहान पिल्ले तिला लवकर बळी पडतात. एक दिवसाची पिल्ले मात्र आणू नका. त्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंशांची ऊब लागते आणि पुढे ती दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यावी लागते. हे काम ज्याला सवय आहे त्याच्यावर सोडावे. महिन्याची पिल्ले घ्या, पहिले काही दिवस फक्त रात्री बल्ब लावा आणि थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहा: बल्बखाली गर्दी केली तर त्यांना थंडी वाजते आहे, कोपऱ्यांत पांगून चोची उघडल्या तर उकडते आहे. पाऊस सुरू होईपर्यंत ती अंगापिसाने भरलेली असतील.

विकणाऱ्याकडून लासोटा (मानमोडी म्हणजे राणीखेत रोगावरची) आणि गंबोरो (त्याच नावाच्या रोगावरची) या लसी कोणत्या तारखेला दिल्या ते लिहून घ्या. मोघम उत्तर मिळाले तर पिल्ले दुसरीकडून घ्या. जुन्या कोंबड्यांपासून त्यांना निदान तीन आठवडे वेगळे ठेवा आणि त्यांचे दाणापाणी आधी करून मगच मोठ्यांकडे जा. नंतर काही दिवस मध्ये जाळी ठेवून एकमेकांना दिसू द्या. पिल्ले तीन महिन्यांची झाल्यावर रात्री दांडीवर हळूच नेऊन बसवली, तर सकाळची मारामारी बरीच कमी होते.

वर खाचेतील अळ्यांविषयी जे लिहिले आहे, त्याला एक पुरवणी जोडतो. शेणखताच्या खाचेत कोंबड्या जरूर सोडा, पण खुराड्यातील तुसाच्या ताज्या ढिगावर सोडू नका. त्यांच्याच विष्ठेतील जंतांची अंडी त्या पुन्हा गिळतात आणि औषध देऊनही जंत हटत नाहीत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. जाळे आणि चिव्याच्या काठ्या गोळा करण्यास सुरुवात केली आहे, आणि कालवांच्या शिंपल्या तर मागच्या अंगणात ढिगानेच पडलेल्या आहेत. एक शंका राहिली. मानमोडीची लस आमच्या जुन्या कोंबड्यांना कधीच दिलेली नाही. चौकशी केली तेव्हा कुपी किमान शंभर मात्रांची मिळते असे कळले. तेरा पक्ष्यांसाठी ती आणून उरलेली थंड जागी ठेवता येईल का?

एका पशुवैद्यकाचा प्रतिसाद

नाही. लस एकदा पातळ केली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, नंतर ती फ्रिजमध्ये ठेवली तरी निरुपयोगी होते. वाडीतील सर्वांना एकाच संध्याकाळी बोलवा. कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर धरणे सोपे जाते आणि शंभर पक्षी चार-पाच घरांतच भरतात. एकट्या तुमच्या कोंबड्यांना लस देऊनही शेजारच्या आजारी कोंबड्या परसातून फिरणारच आहेत, त्यामुळे सगळ्यांची एकत्र करणे तुमच्याही हिताचे आहे. कुपी आणताना बर्फाच्या थर्मासमधून आणा.

मोठ्या कोंबड्यांना टोचतात ती मानमोडीची आर-टू-बी लस आठ आठवड्यांखालील पिल्लांना देऊ नये. त्यांच्यासाठी डोळ्यात थेंब टाकण्याची लासोटाच योग्य. अंड्यावर असलेल्या कोंबड्यांची अंडी लसीनंतर काही दिवस घटू शकतात, तेव्हा घाबरू नका. तुमच्या कोंबड्यांना आधी लासोटा देऊन मग आर-टू-बी द्यावी की कसे, हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पक्ष्यांची तब्येत सांगून ठरवा. मुख्य म्हणजे ज्या घरी एखादी कोंबडी सुस्त किंवा मान वाकडी करून बसलेली असेल, त्या घरचे पक्षी त्या दिवशी धरू नका आणि तिथे गेलेल्या माणसाने हातपाय व चपला धुतल्याशिवाय दुसऱ्या खुराड्यात पाऊल टाकू नये.