झोपेचा फॉरवर्ड आणि पहाटे ३ चा पंप

ए-१०२: काल सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज वाचून मन लागत नाही. '६ तासांहून कमी झोपणाऱ्यांना स्मृतिभ्रंश होणारच.' हे रात्री उठून बसतात, त्यामुळे दोन वर्षं मला सलग चार तास झोप नाही. माझंही यांच्यासारखंच होणार का?

बी-४०३: काकू, 'होणारच' असं मूळ अभ्यासात कुठेच नाही. ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा तो 'व्हाइटहॉल टू' अभ्यास, २०२१ चा. सुमारे ८ हजार माणसं २५ वर्षं पाहिली, ५२१ जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झाला. पन्नाशी, साठी, सत्तरी, तिन्ही वेळा ६ तास किंवा कमी झोपणाऱ्यांत धोका ३० टक्के जास्त दिसला. म्हणजे ढोबळ हिशोबाने शंभरात ६-७ ऐवजी ८-९ जण. बाकीच्यांना झाला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. असं घाबरवणारं कृपया कुणी पुढे ढकलू नका.

सी-२०१: मी टाकला होता, काकू, माफ करा. पण मेंदूतला कचरा झोपेतच धुतला जातो ना?

बी-४०३: २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात उंदरांवर तसं दिसलं. २०२४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजला उंदरांतच उलट दिसलं. वाद चालू आहे. त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यांत झोप नाही. कमी ऐकू येणं, बीपी, शुगर आहेत. काकू, कानाचं मशीन कपाटातच आहे ना अजून? आजपासून लावा.

ए-१०२: लावते रे. पण पहाटे ३ ला पंप सुरू झाला की हे दचकतात, मग उजाडेपर्यंत घरभर फेऱ्या.

सेक्रेटरी: काकू, हे आधी सांगायचंत! वरची टाकी रात्री १० लाच भरून घेऊ, पंप सकाळी ६ नंतर. वॉचमनला आत्ताच सांगतो.

बी-२०४: शनिवारी रात्री मी काकांजवळ थांबते. तुम्ही आमच्याकडे येऊन झोपा.

ए-१०२: रात्री मी दिसले नाही की घाबरतात गं. आधी दोन-चार दुपारी येऊन बस त्यांच्याजवळ. तुझा आवाज ओळखीचा होऊ दे.

बी-२०४: उद्या ४ ला येते.