आभासी टेबलावरील साहित्याचे पैसे कोणी भरावेत?

प्रश्न: डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ ऑनलाइन, म्हणजे आभासी टेबलावर, खेळताना नियमपुस्तकांचे पैसे प्रत्येक खेळाडूने वेगळे भरावेत, की खेळ चालवणाऱ्याने एकदाच?

उत्तर १: २०२० मध्ये आलेल्या फाउंड्री या आभासी टेबलाच्या सॉफ्टवेअरचा परवाना खेळ चालवणाऱ्याने एकदा विकत घेतला, की बाकीचे ब्राउझरमधून विनामूल्य खेळू शकतात, मला हीच पद्धत न्याय्य वाटते. सर्व्हरची व्यवस्था मात्र त्यालाच पाहावी लागते.

उत्तर २: डी अँड डी बियाँड या खेळाच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘मास्टर’ स्तराची वर्गणी भरणारा आपली डिजिटल पुस्तके गटाला वापरू देऊ शकतो, परंतु २०२४ मध्ये सुटे मंत्र व उपवर्ग (पात्राच्या वर्गाचे उपप्रकार) विकणे बंद झाल्याने, ज्याला एकच उपवर्ग हवा आहे त्यालाही अख्खे पुस्तक घ्यावे लागते.

प्रश्नकर्ता: मग गटाने वर्गणी वाटून घेणेच बरे. छापील प्रत असूनही डिजिटल प्रतीचे पुन्हा पैसे मोजणे मात्र पटत नाही.